शुद्धतेचा कायदा आणि आडवी बाटली

जर्मन बीअरविषयी बोलणं निघालं की थोड्याच वेळात कुणीतरी १५१६ सालच्या कायद्याचं नाव काढतं. 'राइनहाइट्सगेबोट', म्हणजे शुद्धतेचा आदेश. बीअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही, हा बव्हेरियाचा नियम. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या माझ्या पिढीला हा अवघड शब्द आता बऱ्यापैकी सरावाचा झाला आहे. २००९ मध्ये पुण्यात 'डूलली' सुरू झाली. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक, आणि तिथली बीअर घडवणारा ऑलिव्हर शाउफ हा जर्मन. त्यानंतर शहरात अशा बऱ्याच जागा उघडल्या. तिथल्या फळ्यांवर हेफेवाइत्सन, पिल्सनर, कोल्श अशी नावं असतात. पिणाऱ्याला आपण नुसतं पीत नसून एका जुन्या परंपरेत सामील होतोय, असं वाटण्याची सोयही त्या नावांत असते.

मी मूळचा धनजचा. वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात हे गाव आहे. सोयाबीन, कापूस, तूर पिकवणारं. तिथे 'परंपरा' हा शब्द पोळ्याला लावतात, हरिनाम सप्ताहाला लावतात. दारूला कुणी लावत नाही. मोहाची असो, गुळाची असो, की सरकारमान्य देशी दुकानातली असो, तिचं नाव घेताना आवाज खाली येतो. तो का खाली येतो हे सांगावं लागत नाही. आपल्या घरात नसेल तर शेजारच्या घरात ते घडलेलं असतं.

साखरेपासून मद्यार्क होण्याची रासायनिक क्रिया दोन्हीकडे एकच. तरीही एक पेय 'परंपरा' आणि दुसरं 'व्यसन' किंवा 'गुन्हा'. हा फरक चवीचा नाही, हे उघड आहे. मग तो कशाचा आहे? आणि एखाद्या पेयाला परंपरा म्हणून मान मिळायचाच असेल, तर तो कशाच्या आधारावर मिळावा? सहसा मिळणारं उत्तर असं: त्यांचं शुद्ध असतं, नियमात असतं; आपलं गलिच्छ, कशातही काहीही मिसळलेलं. हे उत्तर अर्धं खरं आहे. पण कुठलं अर्ध, हे पाहायचं तर त्या शुद्धतेच्या कायद्याकडे जरा जवळून पाहावं लागतं.

*

पहिली गंमत म्हणजे त्या कायद्यात यीस्ट नाही. यीस्टशिवाय बीअर होत नाही, पण १५१६ मध्ये ते 'घटक' आहे असं कुणी मानत नव्हतं. मागच्या घाण्यातला गाळ पुढच्या घाण्यात घालायचा, एवढं ब्रुअरना माहीत होतं. आपल्याकडे दही कशाचं असतं असं विचारलं तर आई 'दुधाचं' म्हणते, विरजणाचं नाव घेत नाही, तसंच ते. किण्वन हे सजीवांचं काम आहे हे पाश्चरनं एकोणिसाव्या शतकात दाखवलं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यानं एका पेशीपासून वाढवलेलं निर्भेळ यीस्ट तयार केलं. म्हणजे आज ज्या अर्थानं आपण बीअर 'शुद्ध' म्हणतो, तो अर्थ डेन्मार्कच्या प्रयोगशाळेतून आला आहे. बव्हेरियाच्या सरदारांना तो ठाऊकच नव्हता. थंडीत हळूहळू मुरणाऱ्या लागर बीअरचं यीस्ट तर दोन जातींच्या संकरातून झालेलं आहे. त्यातल्या एका पालकाची रानटी जात २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेत, पॅटागोनियाच्या जंगलात सापडली. शुद्धतेच्या पोटातच एक मिश्रण निघालं.

दुसरी गंमत गव्हाची. पुण्यात 'अस्सल जर्मन' म्हणून सर्वांत लोकप्रिय झालेली बीअर म्हणजे हेफेवाइत्सन. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो. केळं किंवा लवंग तिच्यात नसते. 'हेफे' म्हणजे यीस्ट, 'वाइत्सन' म्हणजे गहू. १५१६ च्या यादीत या दोन्ही गोष्टी नाहीत. जिच्या नावातले दोन्ही शब्द त्या कायद्याबाहेरचे, ती बीअर आपण त्या कायद्याचं नाव घेत पितो.

बव्हेरियात गव्हाची बीअर पाडायला मनाई होती. पण डेगेनबर्ग या सरदार घराण्याला तिचा खास परवाना होता. १६०२ मध्ये ते घराणं निर्वंश झालं, तेव्हा तो हक्क राजघराण्याकडे गेला आणि गव्हाची बीअर ही राजाची मक्तेदारी झाली. गेओर्ग श्नायडर या ब्रुअरला ती पाडण्याचा हक्क मिळाला तो १८७२ मध्ये. भांड्यातली बीअर तीच होती. ती निषिद्ध होती, मग सरदारांची झाली, मग राजाची आणि शेवटी राष्ट्रीय अभिमानाची. बदलत गेलं ते फक्त भांडं कुणाच्या मालकीचं आहे एवढंच.

तिसरी गोष्ट भूगोलाची. आज जगात 'जर्मन पद्धतीची' म्हणून सर्वाधिक प्यायली जाणारी सोनेरी पिल्सनर जन्मली बोहेमियातल्या प्लझेन शहरात, १८४२ मध्ये. ती घडवणारा योसेफ ग्रोल हा बव्हेरियन होता, एवढाच तिचा जर्मन धागा. उलट गोस्लार-लाइपझिगकडची गोझे ही खरोखरच जर्मन बीअर. तिच्यात धने आणि मीठ घालतात. शुद्धतेचा नियम १९०६ मध्ये साऱ्या जर्मन साम्राज्याला लागू झाला. विसाव्या शतकात गोझे जवळजवळ नाहीशी झाली होती, नंतर ती पुन्हा सुरू झाली. आणि १९८७ मध्ये युरोपीय न्यायालयानं ठरवलं की या नियमाच्या आधारे बाहेरच्या बीअरला जर्मनीचा बाजार बंद करता येणार नाही. ग्राहकाचं संरक्षण म्हणून सांगितला जाणारा नियम धंद्याचंही संरक्षण करत होता, हे तेव्हा कागदावर आलं.

एवढं वाचल्यावर माझ्यातला इंजिनियर म्हणतो की हे जुनं, अर्धवट स्पेसिफिकेशन आहे. नंतरच्या लोकांनी गरजेप्रमाणे त्याचा अर्थ लावला आणि मूळ लेखकाला सगळं आधीच कळलं होतं असं जाहीर केलं. त्यामुळे 'त्यांची परंपरा शुद्ध म्हणून मोठी' हे उत्तर टिकत नाही. शुद्धता हा परंपरेचा उगम नव्हता. ती मागाहून चिकटवलेली पाटी होती. 'शुद्ध' हा शब्द आपल्याकडे तरी जपूनच वापरायला हवा. आपल्या समाजात पेयाची अशुद्धता पिणाऱ्याच्या जातीला चिकटायला वेळ लागत नाही.

*

पण कायदा अर्धवट होता म्हणून तो पोकळ होता असं नाही. तो वाचताना बहुतेक लोक जिथे थांबतात त्याच्या आधीचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या आदेशाची सुरुवात घटकांपासून होत नाही, दरापासून होते. सप्टेंबरअखेरच्या सेंट मायकेलच्या सणापासून एप्रिलमधल्या सेंट जॉर्जच्या सणापर्यंत एका मापाला एक पफेनिगपेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि उरलेल्या उन्हाळी महिन्यांत दोन पफेनिगपेक्षा जास्त नाही. मग घटक. मग शिक्षा: नियम मोडणाऱ्याचं पिंप जप्त.

या आदेशात पिणाऱ्याला काहीही सांगितलेलं नाही. तो बांधतो ते विकणाऱ्याला. काय घालायचं, किती घ्यायचे, आणि ऐकलं नाही तर कुणाचं पिंप जाणार, हे सगळं विक्रेत्यासाठी आहे. गहू वगळण्यामागे इतिहासकार जे मुख्य कारण देतात ते भाकरीचं, म्हणजे तिथल्या पावाचं. गहू आणि राय भट्टीवाल्यांसाठी राहावेत, ब्रुअरनं चढ्या भावानं ते उचलू नयेत. म्हणजे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी, त्यांचे इतर हेतू काहीही असोत, एक प्रश्न विचारला होता: हे पेय तयार होताना कुणाच्या ताटातलं काय कमी होतं?

१५५३ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकनं आणखी एक मर्यादा घातली. उन्हाळ्यात बीअर पाडायचीच नाही. उष्णतेत ती नासायची, म्हणून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर भट्ट्या बंद. मार्चमध्ये थोडी जास्त कडक बीअर पाडून ती तळघरांत थंड ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. 'मेर्त्सन' या नावात अजून मार्च आहे, आणि 'लागर' या शब्दाचा अर्थच साठवण. म्हणजे ज्याला आपण बीअरचा प्रकार म्हणतो तो बराचसा एका ऋतूच्या बंदीतून घडला. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यानं म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी शीतयंत्र बनवलं आणि ऋतूची ही मर्यादा संपली. नाव राहिलं, बंधन गेलं.

कोलोन शहरातली कोल्श प्यायची रीत मला या बाबतीत बोलकी वाटते. ती दोनशे मिलिलिटरच्या उभट, छोट्या ग्लासांत देतात. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर एक रेघ ओढतो. थांबायचं असेल तर चकती ग्लासावर ठेवायची. न बोलता, न लाजता 'पुरे' म्हणायची खूण तिथल्या रिवाजातच आहे, आणि किती झालं याचा हिशेब सगळ्यांना दिसेल असा टेबलावर आहे.

याचा अर्थ जर्मनीत सगळं आलबेल आहे असा नाही. मद्यार्काच्या दरडोई सेवनात तो देश जगात बराच वर आहे. तिथे सोळाव्या वर्षी बीअर विकत घेता येते. पण त्या परंपरेत जे काही आदर करण्यासारखं आहे ते मला घटकांच्या यादीत दिसत नाही. ते मर्यादांच्या यादीत दिसतं: ऋतू, दर, माप, रेघ, चकती. पाककृती हा परंपरेचा निर्यात होणारा भाग आहे. माल्ट आणि यीस्ट विमानानं पुण्याला येतं, मर्यादा येत नाहीत.

*

आता आपल्याकडे. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात बायका-मुलं ती वेचतात, वाळवतात. त्यांचं खाणं होतं, ती गुरांना घालतात, विकतात, आणि भिजवून, आंबवून, भांड्यावर भांडं ठेवून दारूही गाळतात. फूल ऋतूचं, साठा घरातला, आणि दारू देवाला, लग्नाला, मयताला लागणारी. इथेही मर्यादा होत्या, फक्त कुणी त्या कागदावर लिहिल्या नव्हत्या. त्या मर्यादा आदर्श होत्या, पूर्वी कुणी बायकोला मारत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्या होत्या एवढंच म्हणतो.

इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानं गाळण्याचा हक्क परवान्याखाली आणला. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी खास मोहाचा कायदा आला. त्यानं फुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावरच बंधन घातलं. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, पण आबकारीचा विचार सगळीकडे सारखाच: घरची भट्टी बंद, ठेकेदाराचं दुकान सुरू, आणि सरकारला महसूल. स्वतंत्र महाराष्ट्रातही मोहफुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर निर्बंध राहिले. ते सरकारनं शिथिल केले २०२१ मध्ये.

बव्हेरियातला कायदा प्रामुख्यानं विचारत होता, 'पिंपात काय आहे आणि किती पैसे घेतोस?' आपला कायदा विचारत राहिला, 'तू कोण? तुझ्याकडे परवाना आहे का?' आजही महाराष्ट्रात कायद्यानं पिणाऱ्यालाच परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विदेशी मद्यासाठी मिळणारा हा परवाना आरोग्य राखण्यासाठी असतो, अशी कागदावरची भाषा आहे. बारमध्ये एक दिवसाच्या परवान्याच्या पावत्या फाडल्या जातात. पिणाऱ्याला बांधायचं आणि विकणाऱ्याकडून महसूल घ्यायचा, अशी ही रचना. तिच्यात ऋतूची मर्यादा उरली नाही, कारण साखर कारखान्याच्या मळीला ऋतूशी कर्तव्य नसतं. मळीच्या मद्यार्कापासून बनलेली देशी बाराही महिने मिळते. आणि परवान्याबाहेर गाळली जाणारी दारू बिननावाची झाली. बिननावाची दारू काय करते ते जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसलं. शंभराहून अधिक माणसं मेली. मारलं ते मिथेनॉलनं. 'कशातही काहीही मिसळलेलं' हे उत्तर खरं आहे ते इथे. पण ती बिननावाची दारू कोणत्या रचनेतून उगवली, हे ते उत्तर सांगत नाही.

*

इथवर आल्यावर एक निष्कर्ष हात जोडून उभा राहतो: मग मोहालाही वारशाचा मान द्या. गोव्यानं काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं आणि पुढे तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून विकण्याचं धोरण आणलं. शहरातल्या बाटलीबंद संस्कृतीला आदिवासी बायकांनी वेचलेल्या फुलाची चव कळावी, पैसा त्यांच्याकडे जावा, कलंक पुसला जावा. यातला न्याय मला पटतो. जर्मन शेतकऱ्याचं पेय परंपरा आणि गोंड शेतकऱ्याचं पेय गुन्हा, हा भेद कुठल्याही नैतिक कसोटीवर उतरत नाही.

तरी मी तिथे थांबतो. 'ही आमची परंपरा आहे' हे वाक्य कोण कुणाला ऐकवतं, हे पाहिलं की गुंता वाढतो. आमच्या अमरावती विभागातलंच उदाहरण आहे. गाडगेबाबा शेंडगावचे. त्यांचे वडील दारूपायी गेले, हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. बाबांच्या मुलीचं बारसं आलं तेव्हा भाऊबंदांची रीत अशी की मटण आणि दारूचं जेवण घालायचं. बाबांनी ते केलं नाही, गोडाचं जेवण दिलं. भाऊबंदांच्या दृष्टीनं परंपरा दारूच्या बाजूनं होती, आणि बाबा परंपरा मोडणारे. त्याआधी १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. त्यांचा रोख पिणाऱ्याच्या पापावर नव्हता, दुकानं वाढू देणाऱ्या व्यवस्थेवर होता.

म्हणून 'जुनं आहे' हा युक्तिवाद एकटा पुरत नाही. जुनं ते जर्मन असो नाहीतर गोंडी. परंपरेनं नुसती पाककृती जपली असेल आणि मर्यादा सोडून दिल्या असतील, तर ती संग्रहालयातली वस्तू आहे किंवा दुकानातला माल आहे. जगण्याची रीत तिच्यात उरलेली नाही.

*

महाराष्ट्रात १५१६ च्या त्या आदेशाचा खरा नातेवाईक शोधायचा तर मी मायक्रोब्रुअरीत जाणार नाही. तो गावच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर सापडतो. नियम असा: गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर तिथलं दारूचं दुकान चालू ठेवायचं की नाही यावर गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडवी जिंकायची तर झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत. नोंदलेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. माहेरी गेलेली, मजुरीला बाहेरगावी गेलेली, धाक घालून घरी बसवलेली प्रत्येक बाई त्या हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते. एवढा अडथळा असूनही राज्यातल्या अनेक गावांत बाटली आडवी झाली आहे.

या नियमात शुद्धतेचा एक शब्द नाही. बाटलीत काय आहे, ती मोहाची की मळीची की बार्लीची, हे कुणी विचारत नाही. पण बव्हेरियाच्या आदेशात मला जे मोलाचं वाटलं ते सगळं इथे आहे. हा नियम विकणाऱ्याला बांधतो, पिणाऱ्याला नाही. तो घरातल्या भाकरीचा प्रश्न विचारतो. आणि एका बाबतीत तो पाचशे वर्षांपूर्वीच्या ड्यूकच्या पुढे आहे: मर्यादा कुठे घालायची हे ठरवण्याचा अधिकार तो राजाला देत नाही, जिच्या डब्यातले पैसे जातात तिला देतो.

भाकरीचा प्रश्न आपल्याकडे मोठ्या प्रमाणावरही आला आहे. २००७ मध्ये राज्य सरकारनं धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचं धोरण आणलं. ज्वारीला भाव मिळेल असं समर्थन होतं. डॉ. अभय बंग आणि इतरांनी त्याला कडाडून विरोध केला. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी नेलं जात असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं साठ टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश दिला. तिथल्या बीअरच्या कारखान्यांना हा प्रश्न कुठल्याही शुद्धतेच्या कायद्यानं विचारला नव्हता. बार्ली, हॉप्स आणि पाणी, हे ठीक. पण पाणी कुणाचं? घटकांची यादी पूर्ण असूनही हिशेब अपुरा राहू शकतो, तो असा.

*

आक्षेप मला दिसतो, आणि तो हलका नाही. दुकान बंद झालं म्हणजे दारू बंद होत नाही. १९९३ पासून गडचिरोलीत आणि त्याआधीपासून वर्ध्यात जिल्हाभर दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. उठवताना अवैध विक्री आणि गुन्हेगारी वाढल्याचं कारण सरकारनं दिलं. बंदीच्या बाजूचे लोक म्हणाले की अंमलबजावणीच नीट केली नव्हती. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. बाटली आडवी केली की नाव असलेलं दुकान जातं, आणि बिननावाचा डबा मोटारसायकलवर येऊ शकतो. मालवणीची वाट तिथूनच जाते.

पण या आक्षेपातून 'मग सगळं खुलं करा' हे निघत नाही, 'सगळं बंद करा' हेही निघत नाही. मला त्यातून एवढंच निघताना दिसतं की मर्यादेला दोन गोष्टी लागतात. जबाबदार धरता येईल असं एक नाव, आणि त्या नावाला जाब विचारण्याचा हक्क असलेले शेजारी. आपल्या परवाना पद्धतीत नाव असतं, शेजाऱ्यांचा हक्क नसतो. हातभट्टीत नावच नसतं. आडव्या बाटलीत हक्क आहे, पण तो एकदाच वापरायचा आणि फक्त 'नाही' म्हणायचा. १९९६ च्या पेसा कायद्यात याच्या पुढचा विचार सापडतो. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, नियमन करण्याचा किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार मिळावा, अशी तरतूद त्यात आहे. 'किंवा' हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. देवाच्या नैवेद्यापुरती गाळा पण विकू नका, असं एखादी ग्रामसभा म्हणू शकते. हंगामात चालेल, पावसाळ्यात नाही, असंही म्हणू शकते. परंपरा म्हणजे नुसती पाककृती नव्हे, तर मर्यादा घालण्याची शक्ती, हे मान्य केलेला मला माहीत असलेला हा एकच कायदा. धनज अनुसूचित क्षेत्रात नाही. आमच्याकडे बाटली उभी किंवा आडवी, एवढंच.

मोहाच्या दारूवर सुंदर लेबल लावून ती पुण्यातल्या फळ्यावर हेफेवाइत्सनच्या शेजारी लिहिली जाईल, तो दिवस फार दूर नसावा. मी बहुधा एक ग्लास घेईनही. शतकभराच्या अपमानाची थोडी भरपाई त्यात असेल. पण तिला परंपरा म्हणताना मी घटकांची यादी वाचणार नाही. फुलं वेचणाऱ्या बाईला दर ठरवताना बोलू दिलं का, हे विचारीन. त्याच बाईला तिच्या गावात हीच बाटली किती वाजेपर्यंत विकावी, की विकूच नये, हे ठरवता येतं का, हेही विचारीन.

कारण मोहाला वारसा म्हणायचं का हा प्रश्न आजवर आपण शहरात बसून सोडवत आलो आहोत. गावातल्या बायकांना तो कुणी विचारलेला नाही. विचारलाच, तर पाचशे वर्षांच्या इतिहासाबद्दल त्या काही म्हणतील असं मला वाटत नाही. त्या आधी विचारतील, दुकान कुणाचं आणि ते बाजाराच्या दिवशी उघडं राहणार का?